परसातला डोह

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एके सकाळी भाचीचा अमेरिकेहून फोन आला. मी नुकताच चहा संपवून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला होता. वसू म्हणाली, "मामा, आम्ही परसात डोह करतोय."

"डोह करत नसतात, बाई," मी म्हणालो. "डोह असतो."

मराठीच्या प्राध्यापकाला ही खोडच असते. समोरच्याने बातमी सांगावी आणि आपण आधी तिच्यातला शब्द दुरुस्त करावा. पण माझे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. डोह म्हटला की नदीचे वळण आले, काठावरचा वाकलेला उंबर आला, काळेभोर पाणी आले, त्यात राहणाऱ्या साती आसरा आल्या आणि 'इथे अमक्याचा थोरला बुडाला' असे सांगणारा एखादा म्हातारा आला. या गोष्टी कंत्राटदार पुरवीत नाही.

वसूला हवा होता पोहण्याचा तलाव. मात्र तो तलाव वाटता कामा नये. पाणी तिथे आधीपासूनच होते आणि आपण नंतर येऊन शेजारी घर बांधले, असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. शिवाय एक धबधबा. शिवाय ऊन पाण्याचे एक कुंड. तिचे घर सॅक्रामेंटोच्या बाजूला आहे. तिकडे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच आणि जुलैत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा परसात पाणी असावे ही हौस समजण्यासारखी होती.

"तू सौंदर्यशास्त्र शिकवतोस ना? मग ये आणि सांग."

'कला ही निसर्गाची अनुकृती आहे काय?' हा प्रश्न मी वीस वर्षे दहा गुणांना विचारीत आलो आहे. त्याचे उत्तर द्यायला कोणी सिमेंट आणि सळया घेऊन निघेल असे वाटले नव्हते. मेच्या सुट्टीत मी गेलो. माझी थोरली बहीण अक्का, म्हणजे वसूची आई, आधीच तिथे जाऊन राहिली होती.

पहिल्याच दिवशी परसातल्या गवतावर पांढऱ्या रंगाने काढलेली एक वेलांटीदार आकृती दिसली. या आकाराची वंशावळ त्याच प्रांतातली आहे. सोनोमाजवळच्या एका टेकडीवर डॉनेल नावाच्या कुटुंबासाठी टॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने १९४८ साली एक बाग केली. लॉरेन्स हॅलप्रिन त्याच्याबरोबर होता. टेकडीवरून खाली सॅन पाब्लो उपसागराच्या काठची खाजणे दिसतात आणि त्यांतून खाऱ्या पाण्याचे ओहळ वळणे घेत जातात. तलावाची वळणे त्या ओहळांशी जुळतात. तिथली ओक झाडे चर्चने तोडली नाहीत, लाकडी ओट्यालाच भोके ठेवून त्यांना वर येऊ दिले. तलावाच्या मध्यभागी ॲडलीन केंट या शिल्पकर्तीचे एक पांढरे शिल्प बेटासारखे उभे आहे. तसा याच्याही आधी, १९३९ साली, अल्वार आल्टोने फिनलंडमधल्या व्हिला माइरेआ या घराच्या परसात असाच वाकडा तलाव केला होता. पण चर्चच्या बागेची छायाचित्रे मासिकांतून झळकली आणि मग कॅलिफोर्नियात जो तो मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव खणू लागला. पुढे १९७६–७७ च्या दुष्काळात यांतले कितीतरी तलाव कोरडे पडले, तेव्हा गावातली टारगट पोरे चाकांच्या फळ्या घेऊन त्यांत उतरली आणि त्या वळणदार भिंतींवरून वरखाली घसरू लागली. खेळाचा एक नवाच प्रकार तिथे जन्मला. उद्यानशास्त्राच्या एवढ्या मोठ्या कामगिरीची नोंद सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही.

चर्चचे मला आवडते ते हे, की तो खोटे बोलला नाही. वळण जमिनीकडून घेतले, पण तलावाचा काठ माणसाने केलेला आहे हे लपवले नाही. वसूचा प्लॉट सपाट. तीन बाजूंनी लाकडी कुंपण आणि मागे शेजाऱ्याचे गॅरेज. इथे पाणी आले कुठून, आणि थांबले का? निसर्गात पाणी वाटेल तिथे थांबत नाही, सर्वांत सखल जागा शोधून थांबते. म्हणून मी ऐटीत सांगितले, "चहूकडून उतार पाण्याकडे आला पाहिजे."

आराखडा करणारी बाई हसली. ती म्हणाली, उतार पाण्याकडे दिला तर पहिल्याच पावसात माती, खत आणि वाळका पाला तलावात. खऱ्या तळ्याला पावसाचे पाणी लागते, या तळ्याला ते वर्ज्य. तेव्हा काठ बोटभर उंच ठेवायचा, उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा आणि तरीही डोळ्यांना उतार आत आल्यासारखा वाटला पाहिजे! त्यासाठी मागे मातीचा एक उंचवटा रचायचा, त्याच्या पायथ्याशी खडीखाली लपवलेली गटार काढायची आणि वर गवताचे झुबके लावायचे. निसर्ग दिसण्यासाठी निसर्गाच्या अगदी उलट वागावे लागते, हा पहिला धडा मला मिळाला.

दुसरा धडा दगडांच्या वखारीत मिळाला. दगड निवडायला आमच्याबरोबर मेक्सिकोकडचा एक वयस्क गवंडी होता. त्याला इंग्रजी बेताचे, माझे त्याच्यापुढे लाजाळू, पण दगड या विषयावर आमचे चांगले जमले. त्याने एकाच जातीचे दगड घेतले, फक्त लहानमोठे. दोन जातींचे दगड शेजारी आले की ते विकत आणलेले आहेत हे शेंबड्या पोरालाही कळते. प्रत्येक दगडाच्या अंगावरच्या रेघा तो पाही आणि त्या सगळ्या एकाच दिशेला झुकतील अशी मांडणी हाताने हवेत करून दाखवी. दगडाचा तिसरा हिस्सा तरी जमिनीत गाडायचा. नुसता ठेवलेला दगड पाहुण्यासारखा अवघडून बसतो. हेच जपानी लोकांनी अकराव्या शतकात लिहून ठेवले आहे. 'साकुतेइकी' नावाच्या त्यांच्या बागांवरच्या जुन्या ग्रंथात दगड कसे बसवावेत आणि धबधब्याचे पाणी किती प्रकारांनी पडते याचा विचार आहे. आपल्याकडे अलंकारांचे जसे प्रकार पाडले, तसे त्यांनी धबधब्यांचे पाडले.

धबधब्याची सारी करामत असते ओठात. ज्या दगडावरून पाणी खाली पडायचे त्याची कड जरा बाहेर आलेली आणि खालून तासलेली हवी. तशी नसली, तर पाणी खाली न पडता दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकते. किटलीतून चहा ओतताना तो बाहेरून ओघळतो ना, तेच. मागे सरकलेले पाणी मातीत मुरते आणि तलाव गळतो की काय म्हणून सगळे घर हैराण. गवंड्याने वखारीतच एका दगडावर नळीने पाणी सोडून पाहिले, मान हलवली, दुसरा घेतला. सातव्या दगडावर त्याने पाणी सोडले, कान तिरका केला आणि तोच दगड घ्यायचा ठरवला. डोळ्यांनी नव्हे, कानांनी. खोल पाण्यात पडणारी धार घुमते, दगडावर पडणारी फडफडते, आणि ओठामागे पोकळी ठेवली तर आवाज आणखी भारदस्त होतो. गॅरेजमधल्या यंत्राचा आवाज झाकायला भारदस्त धबधबा हवा होता, हे कारण त्याने नंतर सांगितले.

मग खड्डा खणला, सळयांची जाळी बांधली आणि एके सकाळी सिमेंटची तोफ आली. कोरड्या वाळू-सिमेंटचे मिश्रण हवेच्या दाबाने नळीतून येते, नळीच्या तोंडाशी त्यात पाणी मिसळते आणि ते जाळीवर सपासप मारतात. त्यामुळे भिंत हवी तशी वाकवता येते, फळ्यांचे साचे लागत नाहीत. या तोफेचा जनक कार्ल एक्ली. शिकागोच्या फील्ड संग्रहालयाच्या इमारतीचे पोपडे निघाले होते, तिला गिलावा मारण्यासाठी १९०७ च्या सुमारास त्याने हे यंत्र जुळवले, आणि १९११ साली त्याचे पेटंट घेतले. या गृहस्थाचा मूळ धंदा काय, तर मेलेल्या जनावरांची कातडी कमावून ती जिवंत भासतील अशी उभी करणे! त्याचे हत्ती आजही अमेरिकेतल्या संग्रहालयांत उभे आहेत. जिवंत भासणारा डोह करण्याचे हत्यार अशा माणसाच्या हातून यावे, यापेक्षा समर्पक काय असणार?

तोवर तळाचा रंग ठरवायचा होता. पाण्याला स्वतःचा अगदी फिकट निळा रंग असतोच, आणि तळ पांढरा असला की तो उठून दिसतो. हॉटेलातले तलाव निळेशार दिसतात ते म्हणूनच. तळ गडद केला की पाणी आरसा होते, त्यात आभाळ आणि झाडे उतरतात आणि खोली कळत नाही. मी अर्थातच जवळजवळ काळ्या रंगाच्या बाजूने होतो. डोह म्हणजे डोह! त्यावर मी रात्री जेवताना छोटेसे व्याख्यानही दिले.

अक्का पोळ्या वाढीत होती. तिने विचारले, "खोल किती?"

"एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला सहा," वसू म्हणाली.

"आणि तळ दिसणार नाही?"

"नाही. तीच तर गंमत आहे," मी म्हणालो.

"म्हणजे पोर पडलं तरी दिसणार नाही," अक्का म्हणाली आणि पोळीला तूप लावू लागली.

वसूचा अर्जुन चार वर्षांचा. तो त्या वेळी टेबलाखाली मोटार चालवीत होता. कोणीच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तळाचा रंग वाळूसारखा ठरला.

एकदा हे दार उघडले तेव्हा त्यातून बरेच काही आत आले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे घरगुती तलाव नव्याने बांधताना बुडण्यापासून बचावाच्या सात उपायांपैकी निदान दोन करावे लागतात. वसूने कुंपण आणि आच्छादन असे दोन निवडले. कुंपण पाच फुटी, आणि त्याचे दार आपोआप लागणारे, आपोआप अडकणारे. धबधब्याचे सुंदर खडक नेमके या कुंपणाला बाहेरून टेकले होते, म्हणजे चार वर्षांच्या गिर्यारोहकाला आयतीच शिडी. सगळा उंचवटा चार फूट आत सरकवावा लागला. तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी एकच नसावी, दोन असाव्यात आणि एकमेकींपासून दूर असाव्यात, हेही तेव्हाच कळले. २००२ साली अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात ऊन पाण्याच्या कुंडात अशा जाळीच्या ओढीला चिकटून बुडाली, आणि तिच्या आईने धरलेल्या पाठपुराव्यातून २००७ साली तिच्याच नावाचा कायदा झाला. हे मला आराखडा करणाऱ्या बाईने सांगितले. सांगताना ती कागदाकडे बघत होती.

वसूच्या नवऱ्याला ऑस्ट्रियाकडचा प्रकार करायचा होता. १९८० नंतर तिकडे क्लोरिनशिवायचे पोहण्याचे तलाव होऊ लागले. अर्ध्या भागात पोहायचे, अर्ध्या भागात खडी आणि पाणवनस्पती, आणि पाणी स्वच्छ ठेवायचे काम खडीतल्या सूक्ष्म जिवांनी आणि मुळांनी करायचे. मला ते फारच पटले, कारण त्यातला निसर्ग नुसता दिखाऊ नसतो, कामाला असतो. पण त्याला जागा दुप्पट लागते, आणि ऊन पाण्याचे कुंड त्या पाण्यावर चालत नाही. ऊन पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात, तिथे क्लोरिनसारखे काहीतरी लागतेच. आणि कुंड सोडायला वसू तयार नव्हती. सगळा खटाटोप तिने कुंडासाठी मांडला होता आणि कुंड अक्काच्या गुडघ्यांसाठी होते, हा उलगडा तेव्हा झाला.

या कुंडाला तिकडे स्पा म्हणतात. स्पा हे बेल्जममधल्या एका गावाचे नाव. मौज अशी की त्या गावचे झरे मुळात थंड आहेत! आपल्या कोकणात ऊन झऱ्याला उन्हाळे म्हणतात. राजापूरजवळच्या अशा झऱ्यावरून तिथल्या गावाचे नावच उन्हाळे पडले. मी वसूला तो शब्द सुचवला आणि घरात तो रुळलाही. पाणी खळाळवणारे यंत्र मात्र जकूझी बंधूंचे. हे इटलीहून आलेले भाऊ आधी विमानाचे पंखे करीत. १९२१ साली त्यांचे एक विमान कोसळले आणि मग त्यांनी विमाने सोडून विहिरींतून पाणी उपसायचे पंप करायला घेतले. त्यांपैकी कँडिडो याच्या लहान मुलाला सांधे आखडण्याचा आजार जडला. इस्पितळात खळाळत्या ऊन पाण्यात बसवले की त्याला बरे वाटे, म्हणून घरच्या टबात ठेवता येईल असा पंप बापाने करवला. १९५६ साली तो बाजारात आला. चैनीची वस्तू म्हणून आज जे मिरवते, ते एका आजारी पोरासाठी केलेले विहिरीच्या पंपाचे धाकटे भावंड आहे. कुंडातले पाणी ४० अंशांपलीकडे तापवायचे नाही आणि पंधरा-वीस मिनिटांवर बसायचे नाही, एवढे पथ्य. अक्काला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे रोज नरकचतुर्दशी. उटणं तेवढं आणा."

आता माझ्या चुकीकडे येतो. पाण्यात उतरायला एका चपट्या खडकाखालून चार पायऱ्या होत्या. कंत्राटदाराने विचारले, पायऱ्यांना धरायला दांडी बसवायची का? स्टीलची, चकचकीत. आराखड्यात ती नव्हती आणि मी जोरात नाही म्हटले. "नदीला कठडा पाहिलाय का कोणी?" असेही म्हणालो. अक्का खिडकीशी मेथी निवडीत होती. ती काही बोलली नाही.

सिमेंटच्या टाकीला आठवडाभर पाणी मारावे लागते. ते काम अक्काने आपण होऊन घेतले. सकाळ-संध्याकाळ ती अंगणात सडा घालावा तसे नळीने त्या कोरड्या खड्ड्याला न्हाऊ घाली. एका संध्याकाळी मी तिच्याजवळ काठावर जाऊन बसलो. पाणी भिंतीवरून ओघळत होते आणि ओल्या सिमेंटचा वास सुटला होता.

"आपल्या विहिरीला असाच वास यायचा, पावसाळ्याच्या आधी गाळ काढला की," ती म्हणाली.

आमची विहीर सातारा जिल्ह्यात, गावाबाहेर मळ्यात. चिरेबंदी, आत पायऱ्या, मोटेचे थारोळे आणि धाव शाबूत, कपारींतून पारवे. ती विहीर आहे हे ती कोणापासून लपवीत नसे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी तिच्यात पोहायला शिकलो, हे मी आजवर अनेकांना सांगितले आहे. थारोळ्यावरून मारलेल्या मुटक्यांचे वर्णन तर मी वर्गातही करतो. कमरेला एक दोर बांधलेला असे, हेही सांगतो. दोराचे दुसरे टोक कोणाच्या हातात असे, ते मात्र सांगायचे राहून जाते.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पायरीवर बसून दोर धरायची ती. मी गटांगळी खाल्ली की ओढायची, हातपाय मारू लागलो की सैल सोडायची. एक उन्हाळा. त्याच विहिरीचे पाणी ती सात वर्षे डोक्यावरून घरी आणीत होती.

"तू कधी उतरली नाहीस गं?" मी विचारले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"पोरींनी उतरायचं नाही असंच होतं. पण एकदा भर दुपारी कुणी नव्हतं. शेवटच्या पायरीपर्यंत गेले होते."

"मग?"

"मग काय? माझा दोर कोण धरणार?" तिने नळीचे तोंड दुसऱ्या भिंतीकडे वळवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसूला म्हणालो, दांडी बसवा. कंत्राटदार कुरकुरला, कारण आता तयार पायरीला भोक पाडावे लागणार होते. वसूने माझ्याकडे नवलाने पाहिले. "नदीला कठडा नसतो ना, मामा?" मी म्हणालो, घाटाला असतो. हे तितकेसे खरे नाही, पण तिच्या लक्षात आले नाही.

यंदाच्या मेमध्ये मी परत गेलो तेव्हा सगळे झाले होते. खडकांच्या फटींत गवत धरले होते. खळाळत्या उन्हाळ्याच्या कुंडातून पाणी ओसंडून तलावात पडत होते. चतुर येऊन पाण्याला शेपटी लावून जात होते, म्हणजे त्यांची तरी फसगत झाली होती. वसूला पाणी कमी होते अशी शंका येत असे, तेव्हा ती पायरीवर भरलेली बादली ठेवून आतबाहेर खुणा करी. दोन्हीकडचे पाणी सारखेच उतरले तर ते उन्हाने गेले, तलावातले जास्त उतरले तर गळती. तिथल्या कोरड्या उन्हात रोज पाव इंच सहज उडते आणि धबधबा चालू असला की त्याहून अधिक. त्या दुष्काळी मुलखात हे मनाला लागते. धबधबा त्यांनी संध्याकाळचा तासभरच ठेवला आहे आणि एरवी पाण्यावर आच्छादन असते. सगळ्या मांडणीत एकच गोष्ट डोळ्यांत खुपत होती. ती चकचकीत दांडी.

अक्का वर्षभर कुंडात बसत होती, पण तलावात अजून उतरली नव्हती. त्या संध्याकाळी वसूचा एक जुना सैल कुडता आणि सलवार घालून ती बाहेर आली. मी आधीच छातीभर पाण्यात उभा होतो. तिने दांडी धरली, एक पायरी उतरली, थांबली. दुसरी. पाणी गुडघ्यांवर आले तशी ती काहीतरी म्हणाली, पण धबधब्याच्या भारदस्त आवाजात मला ते ऐकू आले नाही. मी कानाला हात लावला. तिने पुन्हा म्हटले. पुन्हा नाही.

"अगं वसू," अक्का ओरडली, "तो धबधबा बंद कर आधी!"

वसूने कळ दाबली. पाण्याची धार बारीक झाली, ओठावर थरथरली आणि थांबली. परसात एकदम शांत झाले.

"मी म्हणत होते," अक्का म्हणाली, "तू आहेस तिथंच उभा राहा. हलू नकोस."

आणि ती तिसऱ्या पायरीवर उतरली.